‘मिळत नाही’ म्हणणाऱ्यांना

गेल्या भाद्रपदात अ‍ॅबरडीनमध्ये आम्ही वीसेक मराठी कुटुंबांनी एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन दीड दिवसाचा गणपती बसवला. पंगतीत मसालेभाताचं कौतुक झालं. तो करून आणणारे गृहस्थ लाजले वगैरे नाहीत. उलट ताटावरून मान वर करून म्हणाले, “मसाला पुण्याचा आहे ना! इथे कुठे मिळतोय? इथला मसाला म्हणजे भुसा. आणि ती बाटलीतली करी पेस्ट म्हणजे आपल्या स्वयंपाकाची विटंबना. शुद्ध मसाला हवा तर तो बॅगेतूनच यायला हवा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सवयीने माझीही डोलली. अकरा वर्षं ती अशीच डोलत आली आहे, म्हणून हा प्रतिवाद थोडा त्या गृहस्थांशी आणि बराचसा माझ्याशीच आहे. त्यांनी एका दमात तीन गोष्टी सांगितल्या: इथे चांगला मसाला मिळत नाही, पेस्ट ही विटंबना आहे, आणि घरून आणलेला तेवढा शुद्ध. तिन्ही मला आता पटत नाहीत.

तक्रारीत काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. इथल्या सुपरमार्केटात फळीवर काचेच्या चिमुकल्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. त्यातली जिऱ्याची पूड उघडली की जिऱ्याची आठवण येते, वास येत नाही. ‘करी पावडर’ नावाचा पिवळा प्रकार आमटीत घातला तर आमटी मेथीने कडवटते आणि घरातली मुलं ताट पुढे सरकवतात. आमसुलं इथल्या दुकानांत मला आजवर दिसलेली नाहीत. बांगड्याच्या आमटीत घालायला त्रिफळं शोधणाऱ्या मालवणी माणसाचे हाल मी पाहिले आहेत. हे सगळं मान्य. पण सुपरमार्केटात गोडा मसाला शोधायचा आणि तो नाही म्हणून हळहळायचं, हे सराफाच्या पेढीवर जाऊन पाव किलो गवार मागण्यासारखं आहे. चूक पेढीची नाही.

अ‍ॅबरडीन काही वेम्बली नाही. तिथल्या ईलिंग रोडवर किंवा लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर राहून जो मराठी माणूस ‘मिळत नाही’ म्हणतो, त्याच्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही. आमच्या या ग्रॅनाइटच्या थंड शहरात मोजकी दुकानं आहेत: एक पाकिस्तानी, एक मल्याळी, एक श्रीलंकन तमिळ आणि एक चिनी. पहिली तीन वर्षं मी पाकिस्तानी दुकानातून फक्त कणीक आणि तूरडाळ आणत होतो. दगडफूल तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी ‘दगडफूल’ म्हणून विचारत होतो. एकदा हाताने खुणा करकरून वर्णन केल्यावर दुकानदार हसला, “पत्थर का फूल बोलिए ना, भाईजान!” तमिळ दुकानात तेच ‘कल्पासी’ होऊन वर्षानुवर्षं बसलं होतं. त्याच्या शेजारच्या पुडीवर ‘मराठी मोग्गू’ लिहिलेलं पाहून मी हरखलो. त्या कळ्या कर्नाटकात आणि चेट्टिनाडच्या स्वयंपाकात वापरतात. सातारच्या आमच्या घरात त्या कोणी कधी पाहिलेल्या नाहीत. म्हणजे नाव आमचं, जिन्नस त्यांचा; आणि आमचा जिन्नस होता तो त्यांच्या नावाखाली.

बाकीचंही असंच हाती लागलं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मल्याळी बाईंच्या दुकानात. बेडगी मिरचीचं काम रंगाचं, तिखटपणा कमी. ती नसेल तेव्हा काश्मिरी मिरचीत थोडी स्पॅनिश पाप्रिका मिसळली की रंग जवळपास जमतो. त्रिफळांना पर्याय चिनी दुकानात निघाला. सिचुआनची मिरी आणि आपली त्रिफळं एकाच वनस्पतीकुळातली जवळची भावंडं आहेत. जिभेला येणारी झिणझिणी तीच, वास मात्र वेगळा. मालवणी मित्राने त्या मिरीच्या सालींची बांगड्याची आमटी खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाला, “चुलतभाऊ आहे. पण घरचाच.”

तरीही या सगळ्या पुड्या घरी आणल्या म्हणजे मसाला ‘मिळाला’ असं होत नाही. माझा खरा राग आहे तो या क्रियापदावर. ‘मला मसाला मिळतो’ या वाक्यात कर्ता दिसतच नाही. कोणी निवडला, कोणी भाजला, उन्हात कोणी पसरला, डंकावर रांगेत कोण उभं राहिलं, परत येऊन शिंका देत डब्यात कोणी भरला, हे सगळं त्या ‘मिळतो’मध्ये गडप होतं. साताऱ्याला मला मसाला मिळायचा, कारण मे महिन्यातले चार दिवस माझी आई आणि काकू त्यापायी घालवायच्या. आम्ही पोरं फक्त मिरच्यांची डेखं खुडायला बसायचो आणि डोळ्यांना हात लागला की पळून जायचो. अ‍ॅबरडीनला तो मिळत नाही, कारण इथे आई आणि काकू नाहीत. शहराच्या बाजारपेठेवर ठेवलेला हा ठपका खरं तर आपल्या घरातल्या श्रमांच्या वाटणीवरचा आहे. आणि तो ठपका ठेवणाऱ्यांत पुरुष जास्त असतात, हेही मी पंगतीपंगतीत मोजून पाहिलं आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दर सुट्टीत आई डबा भरून गोडा मसाला द्यायची आणि मी तो इथे मित्रांना ‘आईच्या हातचा’ म्हणून मिरवत वाढायचो. त्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर आई कात्रीने विकतची पाकिटं फोडून माझ्या डब्यात ओतत होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, “गुडघे धरतात रे. डंकावर उभं राहवत नाही आता. दोन वर्षं हाच देतेय. तुला कळलं नाही ना? मग झालं तर!”

मला खरंच कळलं नव्हतं. दोन वर्षं मी एका कारखान्याच्या मसाल्यात आईचा हात ओळखत होतो.

यात आईची फसवणूक नाही, माझी जीभ उघडी पडली एवढंच. आणि विकतचा मसाला ही काही परदेशाने आपल्यावर आणलेली आपत्ती नाही. गिरगावात बेडेकरांचा व्यवसाय १९१० सालचा. पुण्याचे प्रवीण मसालेवाले १९६२पासून घरोघरी आहेत. मुंबईत कित्येक घरं लालबागला जाऊन तयार मसाला किलोने आणतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. महाराष्ट्रात पाकिटाला जागा आहे, मग अ‍ॅबरडीनला पाकीट उघडलं की संस्कृती बुडते ती कशी?

आता दुसरा मुद्दा, पेस्टचा. ‘विटंबना’ हा शब्द जड आहे, म्हणून जरा थांबून बोलू. या आक्षेपामागे एक समजूत असते: आपला मसाला कोरडा आणि ताजा, ओला मसाला बाटलीत भरून महिनोन्महिने ठेवणं हे गोऱ्यांचं खूळ. यातला प्रत्येक शब्द चुकीचा आहे. गोव्याचा रेशाद मसाला घ्या. लाल मिरची, लसूण, मिरी, जिरं माडीच्या व्हिनेगरमध्ये गंधासारखं वाटायचं, बरणीत भरायचं आणि आठवडेच्या आठवडे बांगड्याच्या पोटात भरत राहायचं. याला पेस्ट नाही तर काय म्हणायचं? आणि बाटलीचंच म्हणाल, तर वसई, गोराई, वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘बॉटल मसाला’ होतो. विसाहून जास्त जिनसा उन्हात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. गडद काच कशासाठी? प्रकाशाने मिरचीचा रंग उडतो म्हणून. सुपरमार्केटच्या फळीवरच्या पांढऱ्या काचेच्या बाटलीला हे शहाणपण अजून आलेलं नाही. तेव्हा बाटलीला नाक मुरडण्याआधी ती आपल्याच किनाऱ्यावर किती जुनी आहे ते बघावं.

ब्रिटनमधली पेस्टही गोऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. लक्ष्मीशंकर पाठक नावाचे गुजराती गृहस्थ १९५६मध्ये केनियाहून बायकामुलांसह लंडनला आले. घरच्या स्वयंपाकघरात समोसे आणि मिठाई करून विकली, मग युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर दुकान थाटलं. तिथून लोणची आणि मसाल्याच्या पेस्ट निघाल्या. इंग्रजांना उच्चार सोपा जावा म्हणून नावातला ‘ह’कार गेला आणि ‘पटाक्स’ झालं. पुढे २००७मध्ये ती कंपनी एका मोठ्या ब्रिटिश उद्योगाने विकत घेतली. पण मूळ कल्पना स्थलांतरिताची होती, आणि अडचण तुमची-माझीच: दुपारी काम, संध्याकाळी थंडी, आणि भाजण्या-वाटण्याला वेळ नाही.

मग ती पेस्ट आंबट का लागते, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला साधं उत्तर आहे. तेल आणि ओल असलेलं वाटण बंद बाटलीत नुसतं ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. आम्लता वाढवून पीएच ४.६च्या खाली नेला की ते वाढत नाहीत. म्हणून व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, चिंच. तो आंबटपणा म्हणजे भेसळ नव्हे, ती बाटलीची राखण आहे. गोव्याच्या बाईने व्हिनेगर घातलं तेही याच अनुभवातून, फक्त तिला पीएचचा आकडा लागला नाही.

आपण चुकतो ते पेस्ट वापरताना. रटरटणाऱ्या रश्श्यात चमचाभर पेस्ट वरून सोडली की कच्च्या व्हिनेगरचा वास अखेरपर्यंत पाठ सोडत नाही. ती आधी तेलात परतायला हवी, अगदी आपण वाटण परततो तशी. मंद आचेवर टाकली की पहिलं मिनिटभर नाकात झिणझिण्या येतात, कडेला फेस धरतो. मग फेस विरतो, लाल रंग गडद विटकरी होतो आणि चार-पाच मिनिटांत कडेने तेल सुटतं. तेल सुटलं म्हणजे पाणी उडालं, व्हिनेगरचा बराचसा तिखट वासही त्याबरोबर गेला. त्यावर कांदा-खोबऱ्याचं थोडं वाटण आणि सुपारीएवढा गूळ. टोमॅटो आणि चिंच त्या दिवशी विसरायची. एवढं करून जे उतरतं ते सातारचं कालवण नसतं, पण मंगळवारी रात्री आठ वाजता कामावरून आलेल्या माणसाने लाजावं असंही काही नसतं.

बाटली निवडतानाही थोडे डोळे उघडे ठेवावेत. ब्रिटनमध्ये लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा कायदा आहे. सुरुवातीलाच पाणी, टोमॅटो, साखर असेल तर तो सॉस आहे, पेस्ट म्हणून त्याला पैसे मोजू नयेत. तेल आणि मसाले वर असतील तर घ्यावी. आणि ‘बाल्टी’, ‘मद्रास’ या नावांवर चिडण्याचं कारण नाही. ते ब्रिटनमध्येच रुजलेले पदार्थ आहेत, त्यांना ब्रिटिश म्हणून खावं. त्यांच्यात आमटी शोधू नये. मुंबईच्या गाडीवरचं चायनीज खाताना आपण बीजिंगची आठवण काढत नाही.

राहिला तिसरा मुद्दा, शुद्धतेचा. हा सर्वांत लाडका आणि म्हणून सर्वांत लंगडा.

‘आपला’ मसाला कितपत आपला असतो ते आधी डबा उघडून बघू. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. चक्रीफूल येतं ते व्हिएतनाम-चीनकडून. लवंगेचा मोठा वाटा मादागास्कर-टांझानियाकडचा. ज्या हिंगाशिवाय आपली फोडणी होत नाही, तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. भारताच्या मातीत हिंगाचं रोप शास्त्रज्ञांनी लावलं ते ऑक्टोबर २०२०मध्ये, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. बेडगी मिरचीचं गाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात. म्हणजे गोड्या मसाल्यात बाहेरून आलेला माल बराच. आपल्या बायकांनी त्याला मराठी केलं ते भाजून आणि प्रमाण ठरवून. मग तेच भाजणं अ‍ॅबरडीनला केलं तर तो परका का ठरावा?

शुद्धतेचा दुसरा अर्थ भेसळ नसणं. एप्रिल २०२४मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएच आणि एव्हरेस्टच्या मिळून चार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. सिंगापूरने त्यातला एक मसाला बाजारातून परत घ्यायला लावला. कंपन्यांनी आरोप नाकारले, पण ब्रिटनने त्यानंतर भारतातून येणाऱ्या मसाल्यांवरची तपासणी कडक केली. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने कित्येक वर्षं शिशाच्या बाधेच्या तपासात लोकांच्या घरातले मसाल्यांचे दीडेक हजार नमुने तपासले. अमेरिकेत विकत घेतलेल्या मसाल्यांपेक्षा परदेशांतून आणलेल्यांत शिसं सरासरीने जास्त निघालं. त्या यादीत सर्वांत वर जॉर्जिया, बांगलादेश असे देश होते, भारत नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण मुद्दा सरळ आहे: दुकानातल्या मालावर कोणाची तरी नजर असते. बॅगेतली पुडी आपल्या श्रद्धेशिवाय दुसऱ्या कोणत्याच प्रयोगशाळेतून जात नाही. आणि दुबई किंवा सिंगापूरला चालला असाल तर ती श्रद्धाही महागात पडेल, कारण दोन्हीकडे खसखशीला बंदी आहे. तिथे गोड्या मसाल्याची पुडी नेण्याआधी त्यात खसखस नाही ना ते पाहा.

आणि ताजेपणा? तो तर पहिल्यांदा मरतो. दळलेल्या मसाल्याचा सुवास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. अख्खा धणा ते तेल सालीत धरून ठेवतो. पूड झाली की दार उघडंच. मे महिन्यात कुटलेला, ऑगस्टमध्ये विमानातून आलेला आणि पुढच्या गणपतीपर्यंत शेगडीजवळच्या फळीवर ठेवलेला मसाला वर्षाचा म्हातारा असतो. आपण त्याला पुण्याचा म्हणून मान देतो, वयाने तो सुपरमार्केटातल्या त्या बाटलीचाच सोबती.

आईचं गुपित कळल्यावर त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा स्वतः मसाला केला. फोनवर आई सांगत होती, मी लिहून घेत होतो. धणे पाव किलो, सुकं खोबरं ७५ ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, इथपर्यंत ठीक. दगडफूल किती? “मूठभर.” कोणाची मूठ? ती हसली. शेवटी तिने शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर आपली मूठ तोलून आणली: १२ ग्रॅम. माझी भरली १९. दगडफूल कढईत टाकलं तेव्हा तो कोरडा पाचोळा वाटला. तेलाचा थेंब लागला तसा कुरकुरीत झाला आणि पहिल्या पावसात भिजलेल्या जुन्या कौलांसारखा वास सुटला. मिरच्यांची पाळी आली तेव्हा स्मोक अलार्म ठणाणा वाजला आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई खोकत जिन्यात आल्या. कॉफीच्या ग्राइंडरमध्ये तीळ-खोबरं एकटं फिरवलं तर त्याचा लगदा झाला. आईला विचारलं, तर म्हणाली, “धण्यांबरोबर घे. धणे तेल पितात.” त्या एका वाक्यासाठी मला तेहतीस वर्षं आणि एक फुकट गेलेली वाटी लागली. सगळं मिळून दीड तास. तेवढ्यात तीन-चार महिन्यांचा मसाला झाला. डबा फ्रीजरमध्ये, झाकणावर तारीख.

विदर्भातून आलेल्या निरक्षर राधाबाई बनारसे यांनी लंडनमध्ये खाणावळ चालवून कित्येक मराठी पोरांना जेवू घातलं. सरोजिनी वैद्य यांनी त्यांची हकीकत ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’मध्ये लिहिली आहे. त्यांच्या काळात मल्याळी दुकान नव्हतं, फोनवर तोलून दाखवणारी आई नव्हती. त्यांच्यासमोर बसून ‘इथे मिळत नाही हो’ म्हणायची माझी तरी छाती झाली नसती.

तेव्हा पुण्याहून मसाला आणणाऱ्या त्या गृहस्थांना माझी विनंती अशी. खुशाल आणा. मायेने दिलेला डबा कोणी नाकारू नये, मीही नाकारत नाही. पण पुढच्या गणपतीत इथल्या मसाल्याला भुसा म्हणण्याआधी आपल्या डब्याबद्दल दोन गोष्टी सांगा: तो कधीचा आहे, आणि तो कोणी भाजला. पहिलं माहीत नसेल तर भुसा कोणाच्या डब्यात आहे ते वास घेऊन ठरवू. दुसरं माहीत नसेल तर घरी फोन लावा आणि विचारा. उत्तर काय येईल याची तयारी ठेवा. माझी नव्हती.